निखाऱ्यापुढची सावली

३ मार्च
पोचले एकदाची! वेधशाळा डोंगरमाथ्यावर आहे. खोली चिमुकली, पण खिडकीतून दुर्बिणीचा घुमट दिसतो. आईला फोन करून म्हटलं, तुझी लेक आता आभाळाची राखणदार झाली. ती म्हणाली, आधी स्वेटर घाल. घुमट सांभाळणाऱ्या मेकॅनिकला सगळे ‘पाना’ म्हणतात. त्याने न मागता चहा आणून दिला. प्रमुख मॅडमनी मात्र माझ्या नमस्काराला मानही हलवली नाही.

५ मार्च
काम अगदी मनासारखं. जवळपासचे लाल बटू तारे बघायचे. हे तारे लहान आणि मंद, म्हणून समोरून ग्रह सरकला की उजेडात पडलेली किंचित घट पकडता येते. घट ठरल्या वेळी परत आली की ग्रह पक्का. तो बेताच्या अंतरावर असला, तर तिथे पाणी असेल, कदाचित कुणीतरी राहतही असेल! एका ताऱ्याला इथे ‘निखारा’ म्हणतात. त्याच्याकडे दुर्बीण वळवायची नाही, अशी मॅडमची ताकीद. कारण विचारलं तर म्हणाल्या, तुला कामाला ठेवलंय, प्रश्न विचारायला नाही.

९ मार्च
वळवलीच. पाना कुरकुरला, पण त्याने घुमट उघडला. आणि घट सापडली! अगदी हवी तशी, हवी तेवढी. आनंदाने जेवणच गेलं नाही.

१४ मार्च
घट पुन्हा पुन्हा आली, पण दर वेळी आधीपेक्षा लवकर. आणि आधीपेक्षा खोल. ग्रह असा वाढत नसतो.
मॅडमना कळलं. सगळ्यांसमोर माझ्या हातातून घुमटाची किल्ली हिसकावून घेतली. म्हणाल्या, तुझ्या आधीच्या माणसानेही हाच शहाणपणा केला होता. उजेड अडवतंय ते त्या ताऱ्याभोवती फिरत नाही, तारा आणि आपण यांच्यामध्ये आहे. कुणी बघत नाही तोवर जागचं हलत नाही. बघितलं, की पुढे सरकतं.
मला हसू आलं. अशा बाईच्या हाताखाली काम करायचं!

१७ मार्च
गोड बोलून पानाकडून दुसरी किल्ली काढली. मॅडमना खोटं पाडायचंच होतं.
निखारा दिसेना. शेजारचे तारेही नाहीत. मी मॉनिटरकडे बघत असतानाच आणखी एक विझला. मग त्याच्या पलीकडचा.
मी डोळे मिटून घेतले. पाना बघतच राहिला.

१८ मार्च
पाना भिंतीकडे तोंड करून बसलाय. खांद्याला हात लावला तर किंचाळला.
मॅडमनी दुर्बिणीच्या आरशावर हातोडा घातला. मी अडवलं नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, आता फोडून उपयोग नाही.

२० मार्च
भर दिवसा दिसतंय. नुसत्या डोळ्यांनी. सूर्याच्या बाजूला, काळं. मी एकदाच बघितलं— एकदाच.
मॅडम गाडीने निघून गेल्या. गाडी वळणावर तशीच उभी आहे, दार उघडं. आत कुणी नाही.
पडदे ओढलेत. खाली बघून लिहितेय.

२१ मार्च
दुपार. आईचा फोन. खुशीत होती. म्हणाली, अगं, सगळी गल्ली गच्चीवर आलीय, पोरंबाळंसुद्धा, आभाळात काय ते—
ओरडले, आई, वर बघू नकोस, सगळ्यांना खाली बघायला सांग, आई—
ती म्हणाली, “बघता बघता केवढं मोठं झालं गं! आणि आता ते आपल्याकडे—”
फोन चालू आहे. आईचा आवाज नाही. गल्लीतला कुणाचाच—
पडद्यामागचा उजेड कमी होतोय. अक्षरं नीट दिस