जमिनीला टेकलेली गाडी

४ नोव्हेंबर १९५७, सोमवार

माफ कर, वही. मार्चनंतर तुला हात लावला नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही — लिहिलं असतं तर मलाच वाचावं लागलं असतं. आज मात्र डोकं इतकं तापलंय की कुणापाशी तरी बोललंच पाहिजे. आणि बायको, ऐली, चर्चच्या शिवणमंडळात गेलीय.

उत्तरेकडून, डलूथच्या विक्रेत्याचा फोन आला. थंडी नुकती कुठे सुरू होतेय, आणि त्याच्या दुकानासमोर उभ्या केलेल्या आमच्या नव्या गाड्या सकाळी पोटावर बसलेल्या सापडल्या. दमलेल्या गायींसारख्या, म्हणाला. गिऱ्हाईक काचेतून बघतंय आणि ऑर्डवे सॉव्हरिन — डेट्रॉइटची सगळ्यात रुबाबदार गाडी म्हणून जिची जाहिरात चाललीय ती — बर्फात रुतून बसलीय!

मला हे आधीच माहीत होतं. मेमध्येच सांगितलं होतं. यंदा आम्ही पोलादी स्प्रिंगा काढून टाकल्या. गाडी आता हवेवर उभी राहते : चार चाकांशी चार रबरी फुगे, इंजिनाशी हवा भरणारा पंप, आणि फुग्यातली हवा कमीजास्त करणारे व्हॉल्व्ह. चालते तेव्हा स्वर्ग, यात वाद नाही. पण दाबलेल्या हवेत पाणी असतं. पाणी गोठतं. व्हॉल्व्ह उघडाच अडकतो, हवा हळूहळू निघून जाते आणि अडीच टनांचं धूड खाली येतं.

हे सगळं कशासाठी? तर रूपरेखा विभागाच्या डेलामारला गाडी बुटकी हवी होती म्हणून. मातीच्या पूर्ण आकाराच्या नमुन्यासमोर तो हात मागे बांधून उभा राहतो आणि म्हणतो, अजून खाली. पोरं तासण्या घेऊन माती खरवडतात. अजून खाली. वरून चांदीसारखा कागद चिकटवतात, संचालक येतात, माना डोलावतात. त्या मातीखाली स्प्रिंगला जागा उरली का, हे कुणी विचारत नाही. मातीच्या गाडीला स्प्रिंग लागतेच कुठे!

डलूथचं सगळं मुख्य अभियंता बर्डेटला सांगितलं. तो चिरूट शिलगावत म्हणाला, “माझी कधी बसली नाही.”

७ नोव्हेंबर

आज मिलवॉकीच्या विक्रेत्याचा तसाच फोन. मग ग्रीन बेचा. बर्डेटचं उत्तर तेच : “माझी कधी बसली नाही.” तिकडच्या मेकॅनिकांना अक्कल नाही, असंही वर.

तो खोटं बोलतोय. दुसरा अर्थच निघत नाही. त्याची गाडी त्याच व्हॉल्व्हची, तीच नळी, तेच फुगे. पाण्याला काय माहीत गाडी मुख्य अभियंत्याची आहे?

१२ नोव्हेंबर

बढती मिळाली. उपमुख्य अभियंता. तोंड बंद ठेवायची किंमत आहे का ही, हे दिवसभर स्वतःला विचारत राहिलो. कदाचित असेल. कदाचित नसेल, आणि मीच स्वतःला फार मोठा समजत असेन.

बढतीबरोबर कंपनीची सॉव्हरिन, आणि तिच्या पुढच्या काचेच्या कोपऱ्यात निळी चकती. ही चकती असली की गाडी मोकळ्या मैदानात लावायची नाही, इमारतीखालच्या गरम गॅरेजात सोडायची. संध्याकाळी परत घ्यायची — धुतलेली, राखदाणी पुसलेली, टाकी भरलेली. तिथला मुख्य ओटिस प्रुइट दारातच उभा होता. टोपीला हात लावून म्हणाला, “या कांगास साहेब. आता बर्फ झाडायचे दिवस संपले तुमचे.”

आवडलं मला. लिहायला लाज वाटते, पण आवडलं.

घरी मात्र गाडी गॅरेजात मावत नाही! शेपटीचे पंख दारातून अर्धा हात बाहेर. ऐली दारात उभी राहून म्हणाली, “तू बनवलीस ना? मग घर मोजायचं राहिलं का?” गाडी रात्रभर बाहेरच राहणार.

१९ नोव्हेंबर

आज भांडलो. उघड, सगळ्यांसमोर. उत्तरेकडच्या राज्यांत गाड्या पाठवणं थांबवा म्हणालो. मी एक नवा व्हॉल्व्ह काढलाय — पाण्याला बाजूला साचायला छोटी खोबण, आणि आतलं तोंड असं की बर्फ धरला तरी ते बंदच राहावं, उघडं नाही. तो सिद्ध होईपर्यंत थांबा. नाहीतर पोलादी स्प्रिंगा परत बसवा आणि गाडी दोन इंच उंच करा.

डेलामार हसला. म्हणाला, “कांगासला मोकळं सोडलं तर तो शेतावरचा ट्रॅक्टर बनवेल आणि त्याला पडदे लावेल.” सगळे हसले. मी म्हणालो, ट्रॅक्टर सकाळी उभा तरी सापडतो. मग कुणी हसलं नाही.

शेवटी बर्डेट म्हणाला, “ठीक आहे अर्विड. थांबवतो. पण ख्रिसमसच्या आत मला सही पाहिजे. तुझी.”

माझी. बरं, माझी.

२१ नोव्हेंबर

नवा व्हॉल्व्ह माझ्या गाडीला बसवला, आणि आमच्यातल्याच आणखी चौघांच्या गाड्यांना. चौघांच्याही गाड्या घरी रात्रभर उघड्यावर असतात, मुद्दाम तसेच निवडले. बाहेरच्या माणसाला न तपासलेला भाग द्यायचा नाही. हे माझं तत्त्व. चुकली तर आपली गाडी चुकू दे.

२ डिसेंबर

बोचरी थंडी. सकाळी पडदा सारून आधी गाडीकडे बघतो, मग ऐलीकडे. ऐलीच्या हे लक्षात आलंय.

उभी आहे! घोड्यासारखी उभी आहे. पाचही.

८ डिसेंबर, रविवार

टॉइव्होचा फोन. ऐलीचा धाकटा भाऊ, मार्केट नावाच्या गावात डॉक्टर. सुपीरियर सरोवराच्या काठी, जिथे मेपर्यंत बर्फ निघत नाही. जुनी गाडी मोडीत निघालीय, रात्रीबेरात्री रुग्णांकडे जावं लागतं. विचारत होता की सॉव्हरिन घेऊ का. त्याच्या गावचा विक्रेता म्हणतो, तुझ्या दाजींना विचार.

मी लगेच हो म्हणालो नाही. एवढं तरी स्वतःच्या बाजूने लिहून ठेवतो. म्हणालो, नव्या व्हॉल्व्हची असेल तरच. अजून पाच दिवस थांब.

“दाजी, तुमचं कसं आहे,” टॉइव्हो म्हणाला, “लग्नात हो म्हणायलासुद्धा तुम्ही पाद्रीबुवांना थांबवून ठेवलं होतं.”

खरं आहे ते. प्रश्न नीट ऐकू आला नव्हता.

१३ डिसेंबर

सही केली.

तीन आठवडे, पाच गाड्या, कडाक्याची थंडी, एकही बसली नाही. थंड खोलीतल्या एका रात्रीच्या चाचणीतही पास. तरी पेन उचलताना हात थबकला. का थबकला, ते कळलं नाही. सही करताना मी नेहमीच थबकतो, म्हणून त्याला फार अर्थ दिला नाही.

आणि मग बर्डेट काय म्हणाला? कागद उचलून, फुंकर घालून : “एवढा गोंधळ घातलास. माझ्या गाडीत अजून जुनाच व्हॉल्व्ह आहे, ठाऊक आहे ना? माझीही नाही बसली.”

रागाने कान तापले. म्हणालो, तुम्ही खोटं बोलताय. असंच म्हणालो, तोंडावर. सचिवबाईंनी टंकयंत्र थांबवलं. बर्डेट लाल झाला नाही, ओरडला नाही. माझ्याकडे नुसतं बघत राहिला, जणू मला ताप आलाय. म्हणाला, “घरी जा. सुट्टीवरून आलास की बोलू.”

माणूस स्वतःची बढाई टिकवायला किती खाली जातो! डेलामारच्या मातीहून खाली.

टॉइव्होला फोन केला. घे म्हणालो.

१९ डिसेंबर

ऐलीने विणलेला मफलर ओटिसला दिला. त्याच्या गॅरेजात उकडतं आणि घरी जाताना बसथांब्यावर तो गारठतो. गळ्याभोवती गुंडाळून त्याने माझ्याच गाडीच्या आरशात बघितलं. म्हणाला, बायको विचारेल कुणी दिला. सांग, एका फिनलंडच्या बाईने दिला, मी म्हणालो. “मग तर मेलोच साहेब.”

टॉइव्होची गाडी काल निघाली. नव्या व्हॉल्व्हची पहिलीच खेप उत्तरेकडे चाललीय. शेकडो गाड्या. रेल्वेच्या डब्यांवर माझी सही चिकटवलेली नाही, पण आहेच.

२४ डिसेंबर

दुपारी कारखाना बंद, थेट सोमवारी उघडणार. बर्फ पडतोय. ऐलीची तांदळाची खीर, त्यात नेहमीसारखा एकच बदाम. मला मिळाला. वर्ष चांगलं जाणार म्हणे.

२७ डिसेंबर, शुक्रवार

बसली.

पडदा सारला आणि आधी वाटलं बर्फ जास्त पडलाय. नाही. गाडीच खाली. मागचं डावं चाक पंखाच्या आत गिळलं गेलेलं, पुढचा जबडा वाळूच्या पोत्यासारखा जमिनीला टेकलेला. झोपायच्या कपड्यांवर कोट चढवून बाहेर धावलो. खाली पडून बघितलं : व्हॉल्व्हच्या खोबणीत बर्फ, काठोकाठ. खोबण भरून ओसंडलेली!

एवढं पाणी आलं कुठून? महिन्याभरात थेंब नव्हता. थंडी तर यापेक्षा त्या पहिल्या आठवड्यात जास्त होती. मग आजच का? व्हॉल्व्ह ओतणाऱ्याने धातू बदलला? कुणी नळी बदलली? की डेलामारच्या माणसांनी — हे काय लिहितोय मी. पुराव्याशिवाय माणसांवर आरोप. खोडणार नाही, राहू दे, म्हणजे मला माझा स्वभाव दिसेल.

ऐली चहाची किटली घेऊन बाहेर आली, व्हॉल्व्हवर ओतायला. गाडीकडे बघून म्हणाली, “तीसुद्धा सुट्टीवर गेली वाटतं.”

मी तिच्यावर ओरडलो. उगीच.

२८ डिसेंबर

टॉइव्होला फोन लावायला कालपासून बोटं धजत नव्हती. आज त्यानेच लावला.

त्याचीही बसली. नाताळच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, सरोवराकाठच्या एका बाईला कळा सुरू झाल्या तेव्हा. पंप चालवला तरी गाडी उठेना. शेवटी दूधवाल्याच्या ट्रकमध्ये, डब्यांच्या मधे बसून गेला. सगळं तो हसतच सांगत होता. पोहोचलो तर बाळ आधीच आलेलं, आजीने सगळं आवरलेलं, मी नुसती कॉफी प्यायलो, म्हणाला.

मग म्हणाला, “दाजी, तुम्हाला बोल लावत नाही. पण पुढच्या वेळी कॉफीवर भागणार नाही.”

त्याला म्हणालो, ती गाडी वापरू नकोस, दूधवाल्याशी मैत्री ठेव. ऐली शेजारीच उभी होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दिवसभर फेऱ्या मारल्या. सोमवारी बर्डेटला काय काय सुनवायचं ते पाठ करतोय. तू महिनाभर “माझी बसली नाही, माझी बसली नाही” म्हणत राहिलास म्हणून स्प्रिंगा परत आल्या नाहीत. तुझ्या त्या एका खोट्यामुळे एक डॉक्टर दुधाच्या डब्यांत बसला. त्याचं खोटं मी उघडं पाडणार! त्याच्याच तोंडून, सगळ्या विभागासमोर.

२९ डिसेंबर

एक गोष्ट सुटत नाहीये. खोटंच बोलायचं तर माणूस एखादा तपशील घालतो, थोडं रंगवतो. बर्डेटने कधीच रंगवलं नाही. प्रत्येक वेळी तेच तेवढंच वाक्य. आणि त्या दिवशीची त्याची ती नजर.

३० डिसेंबर, सोमवार

किटलीने व्हॉल्व्ह वितळवून, लंगडत लंगडत गाडी कारखान्यात आणली. ओटिस दारात, गळ्यात मफलर. गाडीकडे एकदा बघून म्हणाला, “अरेरे साहेब, पाच दिवस माझ्या हाताखालून गेली नाही, त्याची ही दशा. आणा आत, दहा मिनिटांत उभी करतो.”

मी विचारलं, म्हणजे काय करतोस?

तो खुशीत सांगत गेला. निळ्या चकतीची प्रत्येक गाडी, रोज, पहिलं काम म्हणजे हवेच्या टाकीतलं पाणी काढायचं. नळीत थोडं अल्कोहोल ओतायचं. व्हॉल्व्ह चिकटत असेल तर पुसायचा किंवा सरळ बदलायचा. हवा काठोकाठ भरून संध्याकाळी परत. रात्र सहज निघते. साहेब लोकांना गाडीची काळजी पडता कामा नये, हा गॅरेजचा जुनाच रिवाज आहे. ही हवेची गाडी आली तेव्हा कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

“बर्डेट साहेबांची तर सप्टेंबरपासून,” तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, मला खूश करायला : “पण तुमची मी स्वतः करतो हां. पोरांच्या हातात देत नाही.”

आम्हा पाचही जणांच्या काचेवर चकती आहे.

बर्डेट खोटं बोलत नव्हता. मीही नव्हतो. म्हणूनच दोघं एवढ्या छातीठोकपणे बोलत होतो.

उद्या : काचेवरची चकती खरवडून काढायची, आणि ती हातात घेऊन बर्डेटकडे जायचं.