धाकटीच्या चाकाखालचं लिंबू

तीर्थरूप आबा,

खेळणं ते खेळणंच! तुम्ही होतात तेव्हाही हेच म्हणत होतो, थोबाडीत खाऊन म्हणत होतो, आणि आता तुम्ही वर जाऊन बसलात तरी माझं म्हणणं तेच आहे. दारं उघडू देत नाहीतर दिवे लागू देत, त्या गाडीत बसून कुणी चिंचवडहून देहूरोडलासुद्धा गेलेलं नाही.

आज आईचं कार्ड आलं. शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलंय. "बंगल्यावर बाईसाहेबांनी बोलावलं होतं. सोमवारपासून धाकटीला पुसायला मी जाते. तुझ्या नवऱ्याचा हात होता तिच्यावर, तुलाच जमेल, म्हणाल्या." मी चौथीतून पळालेला माणूस, पत्र लिहायचं म्हटलं की घाम फुटतो. पण भांडण तुमच्याशी, तर लिहू कुणाला? खाणीतली पाळी सुटल्यावर अंघोळसुद्धा न करता बसलोय. कागदावर कोळशाची बोटं उठलीत, तेवढी चालवून घ्या.

धाकटी! नावसुद्धा तुम्हीच ठेवलंत. तुम्ही चालवायचात ती मालकांची मोटार थोरली, आणि विलायतेहून करून आणलेली तिची ओतीव धातूची नक्कल, सव्वा हात लांब, काचेच्या कपाटातली, ती धाकटी. सुट्टीच्या दिवशीही "धाकटीला पुसून येतो गं," म्हणून निघायचात. मी विचारलं, "ही माझी कोण, बहीण का?" तर लगावलीत. त्याच आठवड्यात मी बल्लारपूरच्या खाणीवर निघून आलो. कशावरनं घर सोडलंस, असं इथं कुणी विचारलं तर काय सांगू? खेळण्यावरनं?

तिच्यासाठी तुम्ही काय कमी खपलात! विलायतेला मापं धाडायची म्हणून आठ दिवस थोरलीखाली पाठ घासत होतात. तुम्ही माप सांगायचात, कारकून लिहायचा. चाकाच्या काड्या किती, भोंग्याचं तोंड केवढं, सगळं. आणि पेटी आली त्या दिवशी घरी येऊन जेवला नाहीत. "हुबेहूब हाय गं, हुबेहूब," एवढंच आईला सांगत राहिलात. मला तेव्हाही शिसारी आली होती. बापानं एवढं हरखावं, तेही दुसऱ्याच्या कपाटातल्या वस्तूवर?

तुम्ही श्रावणात गेलात. मालक दारापर्यंत आले होते, ठाऊक आहे? उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणाले, "आता गाडी कोण चालवणार?" बस, एवढंच. महिन्याच्या आत थोरली खेडच्या एकाला विकून टाकली, लग्नाच्या वरातीत फिरवायला.

मग दसरा आला. मी चार दिवसांच्या रजेवर घरी होतो. बंगल्यात गाडी नाही, पण गाडीची पूजा चुकायला नको ना! धाकटीची करायचं ठरलं. मालकांचा माणूस बोलवायला आला. आई म्हणाली, "आमच्यात यंदा सण न्हाई, वर्ष व्हायचंय."

"सण तुमच्यात कुठं हाय? बंगल्यात हाय," तो म्हणाला. "पूजा डायवरच्या हातची असते. डायवर न्हाई तर त्याचा पोरगा."

मी नाहीच म्हणालो. आई म्हणाली, "जा बाळू. बरं दिसत न्हाई." स्वतःही आली आणि मागच्या दारापाशी उभी राहिली.

आबा, कपाट उघडलं आणि मी जवळून पहिल्यांदा बघितली. खोटं कशाला बोलू? बॉनेटची दोन्ही पाखं वर उचलली, तर आत एंजिन, प्लगच्या सुतासारख्या तारा. स्टेअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळतात! मागं बांधलेली स्टेपनी, पायरीवरच्या रबराच्या रेघा, नंबराच्या पाटीवरचे आकडे. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. अगदी तुमच्यासारखा! आणि माझीच मला किळस आली.

मालक पुण्याच्या पाहुण्यांना दाखवत होते. स्टेअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्याशी येईल अशी एक बारकी कडी होती. "ही बघा खरी गंमत. विलायतेत पाऊस फार, म्हणून चालकाला छत्री अडकवायची सोय. कंपनी किती विचार करते!"

थोरलीची दुरुस्ती करायचे ते देहूरोडचे उस्मान मिस्त्री माझ्याशेजारी उभे होते. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "ओळखलीस? तुझ्या बापाला भाकरीचं फडकं अडकवायला मीच ठोकून दिली होती थोरलीत. मापं देताना त्यानं तीपण सांगितली. मी म्हटलं, अरे, ही कंपनीची नाही! तर म्हणतो, गाडीवर हाय ते सांगायचं. आता बस छत्री उघडून!"

मला हसू आलं आणि लगेच डोकं सणकलं. तुम्ही मालकांना कधीच का सांगितलं नाहीत? एवढी वर्षं ती छत्री ऐकून घेतलीत? आणि मी तरी काय केलं! तोंड माझं एवढं फाटकं, पण "छत्री नाही, भाकरी," एवढे तीन शब्द निघाले नाहीत. पाहुण्यांच्या पॉलिश केलेल्या बुटांकडे बघत राहिलो.

हळद-कुंकू झालं, झेंडूची माळ झाली. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली आणि मालक म्हणाले, "हं, घे पुढं." ढकलली. लिंबं फुटायला तिच्यात वजन कुठलं! गाडी लिंबावर चढली आणि तिथंच डुलत राहिली. पाहुणे हसले.

"दाब जरा वरून!" मालक ओरडले.

दाबली. हात खाणीतला, आबा. लिंबू फुटलं आणि चाकही निखळलं.

अरेरे! काय ते अरेरे! बाईसाहेबांनी तोंडावर हात धरला. एक पाहुणा म्हणाला, "विलायतेलाच धाडावी लागणार." तुमच्यासाठी त्या घरातून एवढा सुस्कारा निघाला नव्हता हो. मागच्या दारातून आई धावत आली आणि हात जोडून वाकली, "चुकलं मालक, पोराचं चुकलं." ज्या वस्तूला ती कधी शिवली नाही, तिच्यापुढं!

उस्मान मिस्त्रींनी पकडीनं दोन मिनिटांत चाक बसवलं. "लिंबू आधी चिरून ठेवायचं, राव," म्हणाले. पण आईचे हात जोडलेलेच.

आता कळलं ना ती का जाते? तुम्ही पुसायचात हौसेनं. त्या गाडीत तुमची भाकरी अडकलेली होती, हे मला दसऱ्याला कळलं. तिच्यावरनं मी तुमच्याशी उगाच भांडलो, तेवढं पोटात घाला. पण आईला कसली हौस? ती जाते माझ्या चुकीपायी, भीतीनं. रोज सकाळी फडकं घेऊन त्या चाकापाशी वाकणार, आणि बाईसाहेब "जपून गं" म्हणणार.

तुमच्या पायाशपथ सांगतो, येत्या सोमवारपासून ती त्या कपाटाला हात लावणार नाही. उस्मान मिस्त्रींना कार्ड टाकलंय, ते बंगल्यावर जाऊन सांगतील. कडीचंही सांगा म्हटलंय. आई म्हणेल, मग खाऊ काय? बंगल्यावर तिला महिना बारा रुपये देणार आहेत. मी ओव्हरटाइम धरलाय. उद्या पोस्टात जातो आणि तिच्या नावानं मनिऑर्डर लावतो, दर महिन्याला सतरा रुपये.

तुमचा तोंडाळ,
बाळू