अडलेल्या शब्दांचा तास

केडगाव

प्रिय एंजल,

देवाच्या कृपेने आम्ही दोघं ठीक आहोत. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुझी आई शेजारीच बसलेली असते आणि तिच्यादेखत तिचं कौतुक करायला मला या वयातही लाज वाटते. म्हणून लिहितोय.

पावसाळ्यात आईला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा तू महिनाभर इथे होतीस. हात सावरला, पण शब्द सापडेनात, हे तू पाहिलंसच. तू पुण्याला परतल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं मी रोज संध्याकाळी तिच्यासमोर चित्रं धरायला लागलो. एकदा छत्रीचं चित्र होतं. ओठ हलले, डोळे भरून आले, पण 'छत्री' काही येईना. मग एकदम म्हणाली, "पावसातलं... घर." मी चूक म्हणून मान हलवली, तर हसली आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "मेटाफर!" म्हणजे रूपक. बघ, छत्री हरवली होती, पण मेटाफर शाबूत! इतकी वर्षं दहावीला इंग्रजी शिकवलं, ते कुठेतरी खोल राहिलं होतं.

मी एसटीच्या वर्कशॉपात जन्म काढलेला माणूस. सिमिलीत 'लाइक' नाहीतर 'ॲज' लागतं आणि मेटाफरमध्ये ते गळून पडतं, हे मला आत्ता कळलं. 'ऑनोमॅटोपिया', म्हणजे आवाजाची नक्कल करणारा शब्द, एवढं लांबडं नाव तिला यायचं, कुकरची शिट्टी झाली की हमखास म्हणायची, आणि जेवताना 'मीठ' मात्र यायचं नाही. मी हसलो की म्हणायची, "आयरनी."

जानेवारीत तिचे मुख्याध्यापक सूर्यभान सर भेटायला आले. दहावीची उजळणी सुरू होती. आईनेच अलंकार शिकवायला मागितलं, "एक... एक तास. फिगर्स ऑफ स्पीच." सर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मला नका विचारू, सर. तिला विचारा."

तासाच्या दिवशी मी वर्गात मागच्या बाकावर बसलो. आईने फळ्यावर सावकाश शीर्षक लिहिलं, वळली, वर बोट केलं आणि अडली. तिला 'पंखा' म्हणायचं होतं. मुलांनी माना खाली घातल्या. माझ्या तोंडात शब्द आला होता, बाक घट्ट धरून तो गिळला. मग तिचा आवाज आला, "तो... म्हातारा. दिवसभर कण्हतो." पंखा खरंच कुरकुरत होता. सृष्टी नावाची मुलगी ताडकन उठली, "पर्सॉनिफिकेशन, मॅडम!"

"करेक्ट!"

पुढे विचारूच नकोस. खडू आठवला नाही, तर तो झाला "पांढरं बोट". सगळा वर्ग ओरडला, "मेटाफर!" घंटेचं नाव येईना, तर "ठण ठण" केलं, लगेच उत्तर तयार. शेवटी एक पोरगं म्हणालं, "मॅडम, अजून एकदा अडा की!" मी धसकलो. पण आई इतकी हसली, इतकी हसली, की तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. निघताना सृष्टी म्हणाली, "मॅडम, उद्या बी याल ना? लई भारी शिकवलं तुमी." त्या बाकावर बसून मला जे वाटलं, ते लिहायला मला शब्द नाहीत, आणि मला तर झटकाही आलेला नाही.

आता मुद्द्याचं. तू आईच्या स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज तयार करून पाठवलास, पुण्यात आमच्यासाठी खोली रंगवून घेतलीस. तुझी माया कळते, बाळा. अर्ज मी तिला दाखवला. तिने पूर्ण वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नो." त्यात कुठला अलंकार नव्हता. सोमवारी ती शाळेत रुजू झाली. तेव्हा रविवारी चर्चनंतर जेवायला ये, आम्हाला न्यायला नको. आणि अजून एक. फोनवर ती अडली की तू घाईने शब्द पुरवतेस. आता पुरवू नकोस. जरा थांब. तुझी आई काय म्हणते, ते ऐकण्यासारखं असतं.

तुझाच,
पप्पा