फुलीबाईची नळी

पुणे, रविवार

प्रिय दलसिंगदादा,

फोनवर हे जमलं नसतं. तलावाच्या बांधावर रेंज शोधत तू एका कानात बोट घालून ओरडतोस, इकडे मी ओरडते, आणि ऐन मुद्द्यावर फोन बंद पडतो. शिवाय आपल्या पावरी बोलीत यातल्या निम्म्या गोष्टींना शब्द नाहीत, म्हणून शाळेतल्या मराठीत लिहिते. आश्रमशाळेत छड्या खाऊन शिकलास, ती आज कामी येऊ दे. बेबीवहिनीला जरूर वाचून दाखव, पण आधी एकट्याने शेवटपर्यंत वाच.

मागच्या फोनवर तू एकच मागितलंस. आईचं जे काही तिकडे ठेवलंय ते टाकून दे, म्हणजे ती घरी जेवायला येईल. मी चिडले, कारण तू बोललास ते माझ्या मनात आधीच येऊन गेलं होतं. इथल्या प्रयोगशाळेतल्या आमच्या मॅडमना मी आपल्या घराण्याची रीत सांगितली. माणूस गेलं की रोज दिवस कलताना दारात त्याचं ताट ठेवायचं, बडव्याने, म्हणजे पाड्याच्या भगताने, त्याच्या नावाने हाक मारायची, आणि मुंगीने, कावळ्याने, कुत्र्याने, कुणीही त्यातलं उचललं की माणूस जेवला असं धरायचं. मग त्याचा दगड उभा करायचा आणि माणूस पूर्वजांत गेला. मॅडम म्हणाल्या, किती छान. पुढचं मी त्यांना सांगितलं नाही, की आईच्या ताटाला मुंगीसुद्धा लागत नाही. आपल्या ओट्यावर, जिथे गुळाचा खडा पडला तर बघता बघता काळा होतो. आपले बडवे रेवजीकाका साप पाहूनही बिडी विझवत नाहीत, ते आता त्या ताटाकडे पाठ करून बसायला घाबरतात, असं तू म्हणालास. आणि दगड उभा राहत नाही तोवर आई ना घरची ना पूर्वजांची. ते तुझ्याइतकंच मलाही सहन होत नाही.

आधी इथे ठेवलेल्या त्या काचेच्या नळीत काय होतं ते सांगते, कारण तुला वाटतं मी आईचा तुकडा कापून आणला. आमचं पथक तोरणमाळला आलं तेव्हा आई किती हसली होती. नमुन्याची डबी उलटीपालटी करून म्हणाली, शहरातल्यांकडे एवढं सगळं आहे, आता आमची शीसुद्धा न्यायला आले. पाड्यावरच्या बायांना हसायला आठवडाभर पुरलं ते. तर माणसाच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे अगणित जीव राहतात. आपण खाल्लेलं ते खातात आणि त्यातून तऱ्हेतऱ्हेची रसायनं बनवतात. ती रक्तात उतरतात, घामाला वास देतात, काही तर म्हणे मनावरही परिणाम करतात. कुणाच्या पोटात काय बनतं याचा एक मोठा डेटाबेस आहे, जगभरच्या माणसांचा, आणि त्यात भर घालणं हे आमचं काम. भगर आणि रानभाज्या खाणारी, गोळ्या फारशा न घेतलेली डोंगरातली माणसं त्यात जवळजवळ नव्हतीच, म्हणून आम्ही घाट चढून आलो.

डेटाबेसमध्ये नाव राहत नाही, आकडा राहतो. पण तो आकडा कुणाचा हे मला ठाऊक होतं, कारण डबी मीच आणली. शहाद्याच्या गाडीत कंडक्टरने माझ्या मांडीवरच्या थर्माकोलच्या खोक्याकडे बघून विचारलं, "ताई, ह्यामा काय शे?" मी गमतीने म्हटलं, "मन्ही माय शे." तो म्हणाला, "मंग मायनं बी तिकीट काढनं पडी, अर्धं." सगळी गाडी हसली. तेव्हा आई तिकडे शेतात निंदत होती, चांगली धडधाकट.

आईच्या पोटातले ते जीव इथे प्राणवायू काढून घेतलेल्या काचेच्या पेटीत वाढायला लागले. त्यांना वेळेवर खाऊ घालावं लागतं, ते काम माझ्याकडे आलं. त्यांनी बनवलेली रसायनं यंत्रातून गेली की पडद्यावर टोकं उमटतात, सातपुड्याची रांग दिसावी तशी. संगणक प्रत्येक टोक डेटाबेसशी ताडून बघतो आणि नाव सांगतो. आईच्या एका टोकाला त्याने नाव दिलंच नाही. दर वेळी तेच लिहायचा, जुळणी नाही. जगात दुसऱ्या कुणाच्या पोटात ते अजून सापडलेलं नव्हतं, दादा. मॅडम खूश झाल्या. जुनी नळी उघडली की त्यांना ओल्या मातीचा वास यायचा. मला मात्र चुलीपुढून उठलेल्या आईच्या पदराचा वास यायचा, धूर, घाम आणि मोहाची फुलं. झाकण लावायला मी जरा उशीरच करायचे.

आई गेली तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, ते तू पाहिलंसच. परत आल्यावर मी मागच्या नोंदी उघडल्या. ती गेली त्या दिवसापासून ते एकच टोक वाढत गेलं होतं, इतकं की बाकीचे डोंगर त्याच्यापुढे सपाट दिसत होते. ज्या पोटात ते राहत होते ते पोट आता नाही, हे नळीतल्या जिवांना कसं कळणार? मी स्वतःला तेच विचारत राहिले आणि त्यांना खाऊ घालत राहिले. त्याच सुमारास वहिनी फोनवर म्हणाली की आईच्या गोधडीचा वास एका रात्रीत गेला, दुकानातून आणल्यासारखी कोरी झाली.

म्हणून तू मागितलंस आणि मी ऐकलं. घरच्यांनी सांगितलं तर नमुना नष्ट करावा लागतो, तसा इथला नियम आहे. मॅडम हळहळल्या, पण त्यांनी अडवलं नाही. आईच्या सगळ्या नळ्या मी वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये ठेवल्या आणि तो थंड होईपर्यंत तिथून हलले नाही. डेटाबेसमधला तिचा आकडाही काढला. खूप रडले, पण मोकळं वाटलं. म्हटलं, आता ती घाट चढून घरी जाईल. आणि चार दिवसांनी तुझा निरोप आला, ताट तसंच आहे म्हणून.

या सगळ्या दिवसांत मला काय होत होतं ते मी कुणाला बोलले नव्हते. माझा चहा सुटला, दादा. तू जिला चहाची किटली म्हणायचास, तिच्या पोटात आता दुधाचा घोट ठरत नाही. आईलाही कधी ठरला नाही. डॉक्टर म्हणाले पित्त आहे. माझ्या खोलीतली यामिनी, नवापूरकडची, माझ्या उशीला धुराचा वास येतो म्हणते आणि मी चोरून बिडी ओढते का असं विचारते. या इमारतीत मुंग्या नाहीत असं घरमालक छातीठोकपणे सांगतो. त्याचं खरंही आहे, यामिनीच्या डब्याला कधी एक लागली नाही. माझ्या ताटाभोवती मात्र मी बसायच्या आधी रांग लागलेली असते.

यंत्र नीट चालतंय का हे बघायला आम्ही कामावरची माणसं आपलेच नमुने देतो. नोकरीला लागले तेव्हाचा माझा नमुना अजून आहे, त्यात तसलं काही नव्हतं. परवा मी नवा दिला. आईचं ते टोक त्यात आहे. जुळणी नाही, असं संगणकाने त्याच्यापुढे लिहिलं. आणि का नाही हे फक्त मला माहीत होतं, कारण जिच्याशी जुळलं असतं तिचा आकडा मीच पुसला होता. मॅडम म्हणाल्या, हाताळताना ते जीव तुझ्या पोटात गेले असतील, हातमोजे नीट घालत जा. असेलही तसं. त्यांचं म्हणणं मला पटतं, आणि तरी तिच्या ताटाची वेळ होण्याआधी, उजेड असतानाच जेवून घ्यावंसं वाटतं.

हे पत्र त्यासाठीच. ती तुझ्या दारात येत नाही, कारण ती रोज इथे जेवते आहे. मला भीती वाटते, दादा. पण तिला सोडायची भीती त्याहून मोठी आहे, कारण ती गेल्यापासून आता कुठे मला एकटं वाटेनासं झालंय. तरी ती माझ्या एकटीची नाही, आणि तिला जायचं असेल तर अडवणारी मी कोण? येत्या अमावस्येला मी घरी येते. रेवजीकाकांना नेहमीसारखी फुलीबाई म्हणून हाक मारायला सांग, मी ताटापुढे बसेन. उत्तर माझ्या तोंडून आलं तर घाबरून उठू नकोस, तिला पोटभर जेवू दे. आणि तिचं जेवण झालं की मला माझ्या नावाने हाक मार. मी ओ देईपर्यंत मारत राहा.

तुझीच,
रिना