दिपालीचं वाक्य

३ मार्च, सोमवार
विकी सुरू! नववीसाठी इंटरनेटवर एकच पान — 'आपलं गाव'. सगळ्यांनी लिहायचं, सगळ्यांनी एकमेकांचं दुरुस्त करायचं. मुलं नुसती बघत बसली. धनश्री म्हणाली, "दुसऱ्याचं कसं खोडायचं मॅडम? भांडणं व्हतील." मग प्रत्येकाने आपापली ओळ लिहिली, खाली आपापलं नाव. याला काय विकी म्हणायचं!

४ मार्च
ह्यांचा सुप्याहून फोन. कंपनीत ओव्हरटाईम, रविवारी येणार नाहीत. बरं म्हटलं. एकटीसाठी भाकरी थापायचा कंटाळा आला. चहा-बिस्किटं.

६ मार्च
दिपाली आज वर्गात आली. दिवाळीपासून आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली होती. तिच्या बाकावर कुणी बसेना. मी तिला कॉम्प्युटरपुढे बसवलं. एकेक अक्षर शोधत लिहिलं — 'आमच्या वस्तीवर टँकर सगळ्यात शेवटी येतो.' खाली नाव टाकलं नाही. का गं? "माझ्या एकटीचं कुठं हाय? सगळ्या वस्तीचं हाय."
विकी कळलेली पहिली मुलगी!

१० मार्च
वाक्य गायब. करणने पुसलं — सरपंचांचा मुलगा. "खोटं हाय म्हणून पुसलं." दिपालीने परत लिहिलं. त्याने परत पुसलं. शेवटी मी म्हटलं, खोटं आहे तर पुरावा आण. "आन् तिला न्हाई मागत पुरावा?" बरोबर आहे त्याचं.

१२ मार्च
सरपंच शाळेत आले. आबासाहेब ओरडत नाहीत — तेच जास्त लागतं. "मॅडम, तुमी बाहेरच्या. आज इथं, उद्या बदली. गावात फूट कशाला पाडता?" मुख्याध्यापक खाली मान घालून बसलेले. आबासाहेब गेल्यावर मला म्हणाले, वाक्य काढून टाका. मी नाही म्हटलं. त्यांनी अख्खं पानच बंद केलं.

१३ मार्च, होळी
दरवर्षी घरमालकीणबाई पुरणपोळी आणून देतात. आज घरभर पुरणाचा वास. माझं दार कुणी वाजवलं नाही.

१८ मार्च
स्टाफरूममध्ये मी गेले की बोलणं थांबतं.
दिपाली शाळेत येईना म्हणून वस्तीवर गेले. तिची आई, बायडाबाई, बाहेर आली. आत या म्हणाली नाही. "पोरगी पान्यासाठी थांबलीया. टँकर कवा यील, भरवसा न्हाई. तुमी लिवायला लावलं बाई — आता यायचाच बंद झाला, मंग?" दिपाली भिंतीआड होती, पुढे आली नाही.
येताना ह्यांना फोन लावला. उचलला नाही.

१९ मार्च
बदली मागावी. कुठेही.

२१ मार्च, शुक्रवार
संध्याकाळी दारात करण! पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. शेजारी दिपाली. मला वाटलं, भांडण घेऊन आले.
"मॅडम, पान चालू करा. मोठ्या सरांना इचारलंय. पप्पांनाबी सांगितलंय."
कशाला रे?
"टँकरवर बसून गेल्तो, पार वस्तीपातूर. तिथं पोचला तवा तळाला गाळ हुता नुसता." दिपालीकडे न बघता म्हणाला, "हिनं लई कमी लिवलंय."