डाव्या डोळ्यातली कृष्णाबाई

प्रिय सहदेव,

भांडुपहून गुणाजीचा रामराम. वहिनींचा गुडघा कसा आहे? देवळाचं छप्पर शाकारून झालं का?

उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली आणि माझी वाट लागली. इतकं स्वच्छ दिसायला लागलं की भिंतीवरच्या पालीची नखंसुद्धा दिसतात आणि झोप उडते. पण खरं दुःख वेगळं, तुला म्हणून सांगतो. आमची कृष्णाबाई गेल्यापासून मी संध्याकाळी खिडकीशी बसतो. दिवे लागले की उजेड दुधात कालवल्यासारखा पसरतो, दिव्यांना पिसं फुटतात, डोंगरामागचं आभाळ हळूहळू खाली उतरतं, आणि समोरच्या गॅलरीत हिरवं लुगडं नेसून ती तांदूळ पाखडत असते. खांदे तेवढे हलतात. बोलत नाही. (जिवंतपणी इतका वेळ गप्प कधी बसली नव्हती.)

आता उजव्या डोळ्याने बघितलं, तर ती समोरच्या श्यामकांतची वाळत घातलेली लुंगी निघाली. हिरव्या चौकड्यांची. माणूस वाईट नाही, पण इतके दिवस मी त्याच्या लुंगीकडे बघून डोळे पुसत होतो, हे त्याला कळलं तर? मी उजवा डोळा झाकला. ती होती. उजवा उघडून डावा मिटला. लुंगी. असं बराच वेळ चाललं होतं, तेवढ्यात श्यामकांतची बायको गॅलरीत आली, मी तिलाच डोळा मारतोय असं समजली आणि धाडकन दार लावून आत गेली.

तक्रार थेट अनुपमाकडे. माझी लेक शाळेत विज्ञान शिकवते, तुला ठाऊकच आहे. तिला खरं ते सांगावं लागलं. म्हणाली, "बाबा, भिंग गढूळ झालं की प्रकाश विखुरतो. बाकी काही नाही."

"विखुरू दे ना, पण त्याला हिचाच आकार बरा येतो?"

"तो मेंदू देतो."

मला मेंदूचं कौतुकच वाटलं. सातवी नापास माणसाचा मेंदू, पण रोज संध्याकाळी न चुकता लुगडं नेसवतो. येत्या शुक्रवारी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन. विज्ञान खोटं नाही रे, ते लुंगीला लुंगी म्हणतं. पण मग संध्याकाळी मी कुणाकडे बघायचं, हे कोणत्या दवाखान्यात विचारू?

तुझा,
गुणाजी

ता.क. देवाला कौल तूच लावतोस. माझ्यासाठी मूर्तीवरची एक पाकळी डावीकडे पाड आणि देव ऑपरेशनला नाही म्हणतो, असा अनुपमाला फोन कर. (चुकून बोट लागलं तर देव रागावणार नाही.)

आणखी ता.क. फोन करू नकोस. अनुपमाने स्वतःच ऑपरेशन महिनाभर पुढे ढकललं. मी पत्र पाकिटात घालत होतो, तेव्हा शेजारी येऊन बसली, चष्मा काढला आणि डोळे बारीक करून समोर बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, आई आता इकडे बघतेय का?" मी हो म्हटलं. सहदेवा, ती नेहमी पाठमोरीच असते. पण हे तू देवालासुद्धा सांगू नकोस.