जात्यासमोरची जागा

१० फेब्रुवारी, सोमवार

आले बाई एकदाची! माझगावात, चर्चच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून गोदीच्या क्रेनी दिसतात. लालबागच्या खोलीत भावजय मला खिडकीत उभीसुद्धा राहू देत नव्हती, तिला म्हणावं ये आता आणि बघ.

ही वही मनवानं दिलीय. म्हणाली, आई, भांडायला समोर माणूस नसेल तेव्हा हिच्याशी भांड. कार्टी माझ्यावरच गेलीय. तिची बारावीची परीक्षा कणकवलीला मावशीकडून चाललीय. ती संपली की पोरगी इथं, माझ्याजवळ. दीनाबाईंनी पोटमाळा तिला द्यायचं कबूल केलंय, आणि या मुंबईत आई-मुलीला एका छपराखाली कोण ठेवतंय हो? एवढ्यासाठी मी दगडसुद्धा दळून देईन.

दीनाबाई रणपिसे म्हणजे माझ्या मालकीण. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या, ताठ, पांढरं पातळ, तोंडावर हसू म्हणून नाही. स्वयंपाक, औषधं, केरवारा माझ्याकडे. आणि रोज सकाळी दूध आलं की त्यांच्यासमोर जात्यावर बसायचं. खाली गल्लीत पिठाची गिरणी धडधडतेय, तरी! म्हाताऱ्या माणसांची खुळं, दुसरं काय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

हात गळून पडलेत. बाबांचा जन्म गिरणीत गेला, माझा जात्यावर जाणार असं दिसतं.

आज विचारलंच, हे कशासाठी म्हणून. तर त्यांच्या शास्त्रात म्हणे असं आहे की शेवटच्या दिवशी दोघी दळत बसलेल्या असतील, त्यातली एक नेली जाईल आणि एक मागे राहील. बाईंना नेली जाणारी व्हायचंय. प्रभू येईल तेव्हा आपण दळताना सापडावं म्हणून चाळीस वर्षं बसतायत. घराचं दार दिवसभर सताड उघडं असतं, तेही त्याच्यासाठीच. दळताना ओवी म्हणतात:

ये रे धन्या ये रे, दार उघडं ठेविलं,
जातं थांबलं नाही, दाणं सरून गेलं.

म्हटलं, मग मी कोण, मागे राहणारी? तर म्हणाल्या, तुला त्यासाठीच ठेवलीय. देवाला न जुमानणारी, तोंडाळ, नवरा सोडलेली, अशी बाई मिळायला फार शोधावं लागलं. काय पण मान! शिव्या खायचा पगार घेणारी मुंबईत मी पहिलीच असेन. पण त्या थट्टा करत नव्हत्या. माझ्याकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत तिरस्कार होता, नुसता तिरस्कार.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बाईंच्या खाटेखाली केर काढला तर चपलाच चपला. सगळ्या बायकांच्या. रबरी, प्लास्टिकच्या, टाचेच्या. एक जोड कोवळ्या पायाचा, मनवाच्या मापाचा, फडक्यात गुंडाळलेला. सगळ्या ओलसर. फेब्रुवारीत ओल कसली?

विचारलं तर बाई खेकसल्या, आधीच्या बायकांच्या आहेत, हात लावू नकोस. म्हटलं, त्या काय अनवाणी गेल्या? म्हणाल्या, गेल्या. माझ्याआधी गेल्या. एक दारूडी होती, एक चोरटी होती, आणि नेलं त्यांना, मला नाही. हे बोलताना त्यांचा जबडा थरथरत होता. रागानं, दुःखानं नाही. मी चपला होत्या तशा खाटेखाली सारल्या.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पीठ ओलं आलं.

बाजरी माझ्या हातची, उन्हात घातलेली. वरून जात्यात कोरडी वैरली आणि खालून लगदा. वास खाडीचा, ओहोटीच्या वेळी येतो तसा. बाईंनी माझ्याच हातावर चापट मारली, धुऊन आणलीस म्हणून. शिरा पडो त्या जात्यावर!

आमच्या खाली शांतवनकाका राहतात, गोदीतून रिटायर झालेले, बाईंच्याच चर्चचे. त्यांच्याकडे साखर मागायचं निमित्त काढून, जात्याखालून पाणी झिरपतंय का म्हणून छत बघून आले. ठणठणीत कोरडं. काका म्हणाले, अजून टिकलीस म्हणायची. हसले नाहीत.

६ मार्च, गुरुवार

जातं ओढतं. वेड लागलेलं नाही मला. खुंटा गोल फिरतो, पण मूठ वैरायला हात जात्याच्या तोंडाशी नेला की खालून ओढ लागते. आज चार बोटं आत गेल्यासारखी झाली. हिसका दिला तर नखांत वाळू.

समोर बाई डोळे मिटून ओवी म्हणत होत्या. डोळे उघडले, मी आहे असं बघितलं आणि थुंकल्या. मी अजून असल्याचं त्यांना वाईट वाटलं की बरं वाटलं, कळलं नाही.

भावाला फोन केला. जागा नाही म्हणाला. मग मनवाचा आला, पोटमाळ्याला पडदा कुठल्या रंगाचा लावायचा विचारत होती. निळा म्हटलं. काय सांगू तिला? जाऊ कुठं?

११ मार्च, मंगळवार

शांतवनकाकांना जिन्यात गाठलं आणि सरळ विचारलं, तुमच्यात ते नेलं जाणं चांगलं की वाईट?

काकांनी वर बघितलं, दार उघडंच होतं, मग मला गल्लीत घेऊन गेले. म्हणाले, आमच्या चर्चच्या मंडळीतले पुष्कळ लोक चांगलंच समजतात. पण मी त्याच्या वरची ओळही वाचतो. तिथं महापुराची गोष्ट आहे. लोक खातपीत होते, पाणी आलं आणि सगळ्यांना घेऊन गेलं. नेले ते बुडाले. उरले ते नावेतले. माझ्या मते मागे राहणं हीच सुटका आहे, शेवटपर्यंत टिकायचं म्हणतात ते हेच.

मग हळूच म्हणाले, दीनाबाईंना हे कधी बोलू नकोस. त्यांची मुलगी, कृपा, त्या जात्यासमोरूनच गेली. अठरा वर्षांची पोर. पोलिसांना सापडली नाही. ती स्वर्गात आधी पोचली एवढ्या एका विश्वासावर म्हातारी उभी आहे.

फडक्यातल्या चपला.

मनवा अठराचीच.

१६ मार्च, रविवार

बोलले. बोलून गेले.

चर्चमधून आल्यावर बाई म्हणाल्या, तुझी पोर आली की तिला समोर बसव. तुझा काही उपयोग नाही, तुलाही नेत नाही आणि मलाही नेत नाही. तरण्या हातानं कदाचित होईल. माझ्या पोरीला! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. ओरडून सांगितलं, पाण्याची गोष्ट, सगळी. म्हटलं, तुमचा धनी माणसं नेत नाही, बुडवतो. चाळीस वर्षं तुम्ही त्यातून वाचताय आणि वर रडताय. त्या चपला हुंगून बघा.

बाई खाली बसल्या. खरंच काढून हुंगल्या त्यांनी. कृपाच्या.

एवढंच म्हणाल्या, म्हणजे माझी पोर पाण्यात आहे.

जीभ झडली का नाही माझी तेव्हा?

१७ मार्च, सोमवार

बाई जेवल्या नाहीत. दळायला बसल्या नाहीत. जातं मात्र फिरतंय. हळूहळू. आपलं आपण.

बॅग भरली. मनवा आज रात्रीच्या बसनं निघतेय, उद्या परळला उतरेल. तिला तिथूनच घेऊन जायचं, फुटपाथवर झोपू, पण इथं नाही.

संध्याकाळी बाईंनी माझा हात धरला. पहिल्यांदाच. रडत होत्या. म्हणाल्या, स्वर्ग राहू दे. कृपा आहे तिथं मला जायचंय. एकटीनं बसून होत नाही, समोर कुणीतरी लागतं. उद्या सकाळी एकदाच बस, मग तू मोकळी. नाहीतर मी तुझ्या पोरीची वाट बघत इथंच बसेन.

धमकी होती. पण रडणंही खोटं नव्हतं, आणि बाईंना रडवलं मी. मी मेली काही दगड नाही. हो म्हटलं.

१८ मार्च, मंगळवार

डाव्या हातानं लिहितेय. उजवा खुंट्यावर आहे. निघत नाही.

बसलो. ओवी म्हणाल्या. पीठ ओलं, मग पाणी, जात्याच्या तोंडातून काळं पाणी — बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि हसल्या, कृपा म्हणाल्या — आणि समोरून भार गेला. पाट रिकामा. बाईंच्या चपला राहिल्यात.

मी राहिले. वाचले ना मी? मागे राहणं म्हणजे सुटका ना, काका?

हात निघत नाही.

आता कळलं, एक गेली की बाई दुसरी का शोधायच्या, जातंच मागायचं. समोर कुणी नसलं की हे मलाच ओढतंय. हात खुंट्यासकट मनगटापर्यंत दगडात गेलाय. बसलं समोर कुणी की सैल सोडेल, मला आतून कळतंय, जातंच सांगतंय —

नाही. कुणी नको. जाऊ दे हात.

काकांना हाक मारायची होती. तोंडात पीठ. आवाजच नाही.

फोन वाजून थांबला. मनवा. मी परळला नाही, मग ती इथंच येणार. पत्ता मीच दिलाय. दार उघडं. पोचत नाही मी दारापर्यंत —

जिन्यात पावलं. ही तिचीच. दोन दोन पायऱ्या.

आली. हसतेय. निळा पडदा दाखवतेय मला. आई, एकटी काय ओढतेस, म्हणतेय, थांब, मी हात लावते —

मान हलवतेय मी. तिला वाटतं, नको नको म्हणतेय दमली असून.

चपला काढल्या तिनं.

मनवा वही बघ, हे वाच, हे आधी वाच, पाटावर बसू नको, समोर बसू न